गावपळणीत टोबीने ढोरं घरी नेली

टोबी आमच्याकडे आला तो बोटीने. मुंबईची बोट बंदराबाहेर उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या रिकाम्या पेट्या नि रडणारी पोरं पडावात भरून किनाऱ्याला आणली जायची, तो काळ. पडावातली बहुतेक मंडळी ओकून ओकून पिवळी पडलेली, आणि त्यांच्या मधोमध उभा राहून एक काळा-पांढरा झिपरा कुत्रा खलाशांना काहीतरी सुनावत होता. भुंकत नव्हता, सुनावत होता. पडाव वाळूला लागला, माणसं उतरून आपापल्या बोचक्यांच्या मागे पांगायला लागली, तशी याने खाली उडी मारली, सगळ्यांभोवती गोल धावत सुटला आणि बघता बघता सगळे उतारू एका जागी गोळा करून ठेवले. एक भटजी तेवढे निसटायच्या बेतात होते. त्यांच्या धोतराच्या सोग्यापाशी जाऊन तो असा काही गुरगुरला की तेही मुकाट घोळक्यात येऊन उभे राहिले. मी वडिलांच्या मागे उभा होतो. वडील पुढे आयुष्यभर सांगायचे की मी मागे नव्हतोच, त्यांच्या पाठीवर होतो.

कुत्रा आणला होता अप्पाकाकाने, वडिलांच्या धाकट्या भावाने. तो मुंबईत एका गोऱ्या साहेबाची मोटार चालवायचा. साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्याने मोटार विकली, फर्निचर वाटलं आणि कुत्रा काकाच्या गळ्यात घातला. चाळीतल्या खोलीत हा प्राणी ठेवणं अशक्य होतं, कारण जिन्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांना तो नळावरून हाकत परत आणायचा म्हणे.

"ह्यो मेंढरां राखूचो कुत्रो, दादा," काका सांगत होता. "सायबाच्या मुलखात असलो एक कुत्रो आख्खो डोंगर सांभाळता."

"बरां. आणि आमच्याकडे मेंढरां खंय आसत?" वडिलांनी विचारलं.

काकाने वडिलांच्या पाठीवरून डोकावणाऱ्या माझ्याकडे बघितलं. "ह्यां एक आसा मां."

आठ दिवसांनी काका परत गेला आणि कुत्रा राहिला. त्याचा एक डोळा तपकिरी होता आणि दुसरा निळसर पांढरा, काचेच्या गोटीसारखा. आजीने तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा पदराने तोंड झाकलं. "ह्येचो एक डोळो मेल्लो आसा," ती म्हणाली. पण तोच डोळा जास्त जिवंत होता. त्या डोळ्याने टोबी बघायला लागला की कोंबड्या चरायच्या थांबायच्या, मांजर उतरंडीमागे जायचं आणि मी माळ्यावर. मला सगळ्याच कुत्र्यांची भीती वाटायची, आमच्या वाडीतल्या दात पडलेल्या म्हाताऱ्या कुत्रीचीसुद्धा. त्यात हा साहेबाचा, आणि बोलणारा. घशात घोळवून, वर-खाली करून, मधेच सुस्कारा टाकून तो लांबलचक काहीतरी सांगत बसायचा. पेज मिळायला उशीर झाला की सांगायचा, पाऊस आला की सांगायचा, पाहुणा गेला की त्याच्याविषयीचं मत सांगायचा. आजी चुलीपाशी बसून त्याला उत्तरं द्यायची. "समाजला रे, समाजला. तांदूळ अजून शिजले नाय, तर मी काय माझा डोक्या घालू चुलीत?" यावर टोबी आणखी दोन वाक्यं बोलून मग गप्प व्हायचा. घरात शेवटचा शब्द त्याचा असे.

मेंढ्या नसल्यामुळे त्याने घरच राखायला घेतलं. सकाळी खळ्यात, म्हणजे अंगणात, सोडलेल्या कोंबड्या दुपारपर्यंत तुळशीच्या कोपऱ्यात एकमेकींवर चढून बसलेल्या असायच्या, कारण टोबीला जनावर पांगलेलं खपत नसे. येसूबाई म्हणून एक मासेवाली डोक्यावर पाटी घेऊन यायची. पहिल्याच दिवशी टोबी तिच्यासमोर पोट जमिनीला लावून बसला, पांढरा डोळा तिच्यावर रोखला आणि एक एक पाऊल पुढे सरकत तिला उलट्या पावली थेट विहिरीपर्यंत घेऊन गेला. पाटीतले बांगडे सावरत ती ओरडत होती, "गो बाये, तुझ्या ह्या कुत्र्याक सांग, मी म्हस नाय! माका गोठ्यात खंय न्हेता ता इचार त्येका!" आई धावली. मी माळ्यावरून बघत होतो आणि हसत होतो, तेवढ्यात टोबीने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मला त्या नजरेत स्पष्ट दिसलं की यादीत पुढचं नाव माझं आहे.

तसंच झालं. कळपातलं सगळ्यात भित्रं जनावर कोणतं, हे राखण्या कुत्र्याला सांगावं लागत नाही. शाळेची घंटा झाली की तो माझ्या पोटऱ्यांना नाक लावून मला हाकलायचा, शाळा सुटली की वेशीवर उभा राहून परत आणायचा. मी वाटेत बोरीच्या झाडाशी रेंगाळलो तर झाडाभोवती गोल फिरत बोलत राहायचा. महिनाभराने माझ्या लक्षात आलं की मी त्याच्या मानेच्या केसांत हात घालून चालतोय. भीती गेली असं नाही. आजही कुत्रा दिसला की माझी बोटं आधी मुठीत जातात. पण बाकी जगाची भीती टोबीच्या भीतीपेक्षा मोठी होती आणि टोबी माझ्या बाजूला होता, एवढा हिशेब मला जमला.

बाकी जगात सगळ्यात वर होता देवचार. बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे प्रत्येक गावाला एक देवचार असतो. तो राखणदार. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पायात वहाणा, आणि गावाच्या हद्दीवरून त्याची फेरी चालू. नीट वागणाऱ्याला तो वाट दाखवतो, वेडावाकडा वागणाऱ्याला त्याच वाटेवर फिरवत ठेवतो. त्याच्या काठीचा आवाज ऐकल्याचं सांगणारे आमच्या वाडीत पुष्कळ होते. आणि त्याची फेरीची वेळ, आजीच्या मते, भर दुपारी बारा. नेमकं त्याच वेळी मला सड्यावरून, गावावरच्या कातळाच्या माळावरून, ढोरं आणायला जावं लागे. आमचे दोन बैल, गाय आणि एक म्हैस सकाळी सड्यावर चरायला सुटत आणि दुपारी पाण्याला घरी येत. वाटेत एक वड होता. त्या वडाखाली दुपारी वारा पडलेला असायचा, एक पान हलत नसे, आणि मी रामनाम म्हणत पळायचो. म्हैस माझ्यामागे पळायची. म्हशीला वाटायचं काहीतरी आलंय.

म्हणून मी टोबीला शिकवलं. माझ्या आयुष्यातलं हे एकमेव यशस्वी शिक्षण, आणि ते निव्वळ भित्रेपणातून झालं हे नोंदवून ठेवतो. दुपारी देवळात नैवेद्याच्या वेळी ढोल वाजायचा, तो सगळ्या गावात ऐकू जाई. ढोल वाजला की मी टोबीला घेऊन सड्याकडे धावायचो, वडाच्या अलीकडे थांबायचो आणि त्याला पुढे सोडायचो. ढोरं गोठ्यात आली, मी कवाडीला आडव्या वाशाचा आडा घातला, की त्याला सुक्या बांगड्याचं डोकं. आधी त्याने गायीला इतकं दमवलं की तिने दोन दिवस दूध चोरलं. मग एकदा सगळी ढोरं आणण्याऐवजी मला एकट्यालाच गोठ्यात नेऊन कोंडलं, दारात बसून राहिला आणि बांगड्याचं डोकं मागायला लागला. पण दिवाळीपर्यंत अशी स्थिती आली की मी ओट्यावर शेंगा खात बसलेला, देवळात ढोल वाजला की टोबी उठून एकटा जायचा आणि पाव तासात चारही जनावरं खळ्यात. मी उठून आडा घालायचो आणि मोठ्या कामातून आल्यासारखा घाम पुसायचो. वाडीतली पोरं बघायला यायची. मी त्यांना सांगायचो की कुत्रा कसा वळवावा हे एक शास्त्र आहे.

त्याच वर्षी गावपळण आली.

गावपळण म्हणजे काय हे आता पुष्कळांना ठाऊक आहे. हल्ली लोक गाड्या करून बघायला येतात, फोटो काढतात. तेव्हा ती आमची आमच्यापुरती होती. काही वर्षांनी एकदा देवाचा कौल झाला की सगळ्या गावाने तीन दिवस तीन रात्री हद्दीबाहेर जाऊन राहायचं. सगळ्या म्हणजे सगळ्या. बाळंतीण, म्हातारा, ढोरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं. मागे एक जिवंत प्राणी ठेवायचा नाही. गाव त्या दिवसांत देवाच्या ताब्यात, त्यात कुणी पाऊल टाकायचं नाही. तीन दिवसांनी परत कौल लावायचा. देवाने दिला तर घरी, नाही तर मुक्काम पुढे. नदीपलीकडच्या मळ्यात माडाच्या झावळ्यांच्या खोपी उभ्या राहिल्या, तीन दगडांच्या चुली पेटल्या. कुळथाची पिठी, उकड्या तांदळाचा भात, नदीच्या तोंडाशी जाळं पागून आणलेले मुडदुशे मासे, आणि कुठल्याही खोपीत जाऊन जेवायची मुभा. बायका फुगड्या घालत, पुरुष भजनं म्हणत. सगळे खुशीत, मी सोडून. मी नदीकडे पाठ करून बसायचो. पलीकडे आपलं गाव तसंच दिसायचं, तीच कौलं, तेच माड, पण एकाही घरातून धूर नाही, एक कोंबडा आरवत नाही. आपल्या ओळखीचं माणूस डोळे उघडे ठेवून झोपलेलं असावं तसं ते गाव दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पोरांच्या घोळक्यात बसून उकडलेली रताळी खात माझं शास्त्र सांगत होतो. मळ्याच्या दुसऱ्या टोकाला एका पाटावर नारळ मांडून देवाची स्थापना केली होती. नैवेद्य झाला आणि देवळातून बरोबर आणलेला ढोल वाजला.

माझ्या बाजूला पसरलेला टोबी उठला.

मी रताळं सोलत होतो. शपथेवर सांगतो, माझ्या डोक्यात काहीही आलं नाही. नदीकाठाला गावातली सगळी ढोरं एकत्र चरत होती. ओहोटीची वेळ, उताराला पाणी गुडघ्याएवढं. पहिल्यांदा कुणीतरी बाई ओरडली. मग मी वळून बघितलं तर पलीकडच्या काठावर शेवटच्या म्हशीची शेपटी झाडीत जात होती आणि तिच्यामागे एक काळा-पांढरा ठिपका, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, अतिशय मन लावून काम करत होता. आख्ख्या गावाची ढोरं टोबीने घरी नेली होती.

मळ्यात अशी शांतता झाली की चुलीवरची आधणं ऐकू यायला लागली. मग सगळे एकदम बोलायला लागले, आणि मग सगळे एकदम माझ्याकडे बघायला लागले. गावकर उठले. गावकर म्हणजे देवाच्या कामात पहिला मान असलेले, उंच, खप्पड गालांचे, फार न बोलणारे गृहस्थ. रानडुकरांसाठी त्यांच्याकडे ठासणीची बंदूक असायची आणि ती त्यांनी मळ्यातही आणलेली होती. ते वडिलांसमोर येऊन उभे राहिले.

"तुमचो कुत्रो?"

"व्हय," वडील म्हणाले.

"गावाचो नियम मोडलो त्येणी. देव आता कौल देतलो? ह्या पोराटोरांक घेवन किती दिस बसूचा हय?" त्यांनी बंदूक भिंतीला टेकवावी तशी खांद्याला टेकवली. "ढोरां परत येवांदेत. कुत्रो अलीकडे इलो काय मी त्येका घालतंय गोळी. ह्या माझा सांगणा."

आईने माझा दंड धरला. कुणी त्यांच्याविरुद्ध बोललं नाही, कारण ते खोटं बोलत नव्हते. नियम खरंच मोडला होता.

प्रश्न होता की ढोरं आणणार कोण. गावात पाऊल टाकायचं नाही, आणि ढोरं तर आणायलाच हवीत. देवाला गाऱ्हाणं घालण्याचा मान घाडीकाकांचा. त्यांनी नारळाच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मग खणखणीत आवाजात गाऱ्हाणं सुरू झालं.

"बा देवा म्हाराजा! आज तुझ्या हुकमाबिगर एका मुक्या जनावरान ह्या गावाची ढोरां तुझ्या हद्दीत न्हेली, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव म्हणाला. टोबीला मुकं जनावर म्हटलेलं ऐकून आजीने माझ्याकडे बघितलं. तेवढ्यातही.

"ती आणूक ज्येचो कुत्रो त्येच्याच पोरान जावचा, असा तुझ्या मनात आसात, तर उजवो दे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी 'व्हय' म्हटलं नाही. उजवी कळी पडायला एरवी तास तास लागायचा. यावेळी घाडीकाकांचं तोंड मिटायच्या आत ती पडली. ती वाऱ्याने पडली असं माझं अजूनही मत आहे.

घाडीकाकांनी माझ्या कपाळाला अंगारा लावला. "नीट ऐक, बाळग्या. कोणी हाक मारली तर ओ देव नको. येताना मागे वळान बघू नको. कायव झाला तरी मागे बघूचा नाय. समाजला?"

मी मान हलवली.

नदीचं पाणी कोमट होतं. पलीकडच्या काठावर पाय ठेवला आणि मागे मळ्यातला आवाज दाराआड गेल्यासारखा बंद झाला. आपल्याच गावातल्या पाणंदीतून मी आधी कधी चाललोच नव्हतो असं वाटलं. नेहमी कुठेतरी उखळ चालू असायचं, कुणी भांडत असायचं, कुणी पोराला मारत असायचं. आता माझ्या पायाखालची पानं वाजत होती आणि मी थांबलो की तीही थांबत होती. उताराजवळचं पहिलं घर गावकरांचं. त्याच्या कुंपणावरून जाताना मला मागच्या बाजूने आवाज आला. ठक्‌. मग बराच वेळ काही नाही. मग परत, ठक्‌. जाड लाकूड जमिनीवर आपटावं तसा. देवचाराची काठी. मी पळालो नाही, कारण पाय माझे नव्हते. ते आपले आपले घराकडे चालत राहिले आणि मी त्यांच्यावर बसून गेलो.

आमच्या खळ्यात गावाची ढोरं एकमेकांत दाटीवाटीने उभी होती. तुळशीवर एक खोंड चढलेला. गोठ्यात मावेनात म्हणून पडवीत, ओट्यावर, माडाच्या बुंध्याशी, जिथे मिळेल तिथे त्याने ती बसवली होती. आणि कवाडीच्या तोंडाशी टोबी आडवा, जीभ बाहेर, पांढरा डोळा सगळ्यांवर. मला बघून तो उठला आणि बोलायला लागला. एवढं लांब भाषण त्याने आधी कधी केलं नव्हतं. इतका वेळ कुठे होतास, आडा कोण घालणार, बांगड्याचं डोकं कुठे आहे. मी त्याच्या मानेला मिठी मारली आणि रडलो. रडताना आवाज होणार नाही याची काळजी घेतली, कुणी ऐकू नये म्हणून. कोण ऐकणार होतं, ते मी स्वतःला विचारलं नाही.

त्याला उलटं वळवणं कठीण गेलं. आणलेली ढोरं परत न्यायची हे त्याला पटत नव्हतं, आणि तसं त्याने मला सांगितलं. शेवटी मीच पुढे होऊन खोंडाला हाकललं, मग कळप चालायला लागला आणि टोबी नाइलाजाने कामाला लागला. पाणंदीत मी ढोरांच्या मधोमध शिरून चाललो. दोन्ही बाजूंना म्हशींची गरम पोटं. गावकरांच्या कुंपणापाशी परत तो आवाज आला, ठक्‌, आणि मी म्हशीच्या पाठीवर कपाळ टेकवून डोळे मिटले. नदी आली. ढोरं पाण्यात उतरली. पलीकडे सगळा गाव काठाला येऊन उभा होता आणि सगळ्यांच्या पुढे गावकर, बंदूक घेऊन. मी पाण्यात पाय टाकला तेव्हा मला जाणवलं की माझ्या मागे टोबी नाही.

मी शीळ घातली. उत्तर आलं, पण मागून, लांबून. आवाजावरून कळलं की तो काठाच्या वर थांबून गावाकडे तोंड करून बोलत होता. मी परत शीळ घातली. तो आला नाही.

आता मी काय करावं? इकडे आला तर गोळी, तिकडे राहिला तर देवचार. माझ्या मनात एक क्षण असं आलं की तिकडेच राहू दे, निदान दिसणार तरी नाही. मग त्याने अशी एक लांब, केविलवाणी तान काढली की माझा पाय पाण्यातून आपोआप वर आला. त्याला आणायचं तर वळायला हवं, आणि मागे वळून बघायचं नव्हतं. म्हणून मी वळलोच नाही. तोंड मळ्याकडे, नजर आईच्या लुगड्यावर, आणि उलट्या पावली मी काठ चढायला लागलो. पलीकडून कुणीतरी हसलं. आईने त्याला गप्प केलं असावं. मी दगडाला ठेचकाळून बसलो, उठलो, परत मागे मागे. हात पाठीमागे धरलेले, टोबीची लव हाताला लागेल म्हणून. लव लागत नव्हती. मी जवळ गेलो की त्याचा आवाज मागे सरकत होता. येसूबाईला त्याने विहिरीपर्यंत नेलं तसंच तो मलाही नेत होता, फरक एवढाच की मला कुठे नेतोय ते दिसत नव्हतं. आईचं लुगडं झाडीआड गेलं. पाठीला कुंपणाचा काटा लागला, मग मोकळं खळं लागलं, मग शेणाचा वास. आणि ठक्‌. अगदी मागे. हातभर अंतरावर.

मी तिथे उभा राहिलो आणि माझ्या पाठीमागच्या उघड्या तळव्यावर गरम, ओला श्वास पडला.

मी ओरडलो. पलीकडे मळ्यात तो आवाज गेला, आणि नंतर मला सांगण्यात आलं की घाडीकाकांनी तिथल्या तिथे मोठ्याने गाऱ्हाणं सुरू केलं. माझ्या हाताला मात्र जाड, खरखरीत जीभ लागली. देवचाराला जीभ असते की नाही हे कुणी सांगितलेलं नव्हतं, पण ती अशी मिठासाठी हात चाटणारी नसणार एवढं मला तशा अवस्थेतही कळलं. मी मागे न बघता चाचपत गेलो. शिंग. मग दुसरं शिंग, अर्धं तुटलेलं. अर्ध्या शिंगाचा बैल गावात एकच होता, गावकरांचा म्हातारा पवळ्या. तो मागच्या गोठ्यात आड्यांच्या आत होता; हाताला पुढ्यातला गवताचा मोठा भारा लागला, मग पाण्याने भरलेलं घमेलं. मान वाकवून तो आड्यावर डोकं आपटत होता. ठक्‌.

त्याला चालवत नव्हतं म्हणून मागे ठेवला असणार. नदी ओलांडताना पडेल म्हणून. पण त्या वेळी मी काही विचार केला नाही. मी पाठमोराच आडे काढले, हातांची सालपटं निघाली, आणि टोबीने त्या बैलाला बाहेर काढलं. मघाशी सगळ्या कळपाला पळवणारा तो, आता पवळ्याच्या मागच्या पायाशी एक एक पाऊल टाकत, हळू आवाजात बोलत चालला, ते मला मागून ऐकू येत होतं. बैल थांबला की तोही थांबायचा. एक जनावर मागे राहिलं असताना तो नदी ओलांडणार नव्हता, एवढंच त्याचं म्हणणं होतं, आणि ते तो मला काठावरून कधीचं सांगत होता.

काठाशी टोबी पुढे माझ्या हाताशी आला आणि आम्ही पाण्यात उतरलो. मी पुढे, माझ्या एका मुठीत टोबीच्या मानेचे केस, आणि मागे लंगडत पवळ्या. काठावरच्या सगळ्यांनी बैल ओळखला होता. मी फक्त बंदुकीच्या नळीकडे बघत होतो. ती खांद्यावरून खाली आली, मग आणखी खाली, मग तिचा दस्ता चिखलात टेकला. गावकर पाण्यात शिरले. धोतर भिजलं तरी वर धरलं नाही. त्यांनी आमच्याकडे बघितलं नाही, सरळ पवळ्याच्या गळ्यात हात घातला आणि त्याचं तुटकं शिंग कपाळाला लावून उभे राहिले.

घाडीकाका काठावर कळ्या ओल्या करून तयार बसले होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "गावकरांनू, आता कौल कोणासाठी लावूचो? कुत्र्यासाठी की तुमच्यासाठी?"

गावकरांनी वर बघितलं नाही. "रवांदे," ते म्हणाले. मग, बैलाच्या मानेत तोंड असल्यासारख्या आवाजात, "त्या कुत्र्याक कायतरी खाऊक घाला."

घाडीकाकांनी कळ्या पाण्यात सोडल्या. देवाने तिसऱ्या दिवशी कौल दिला आणि आम्ही घरी गेलो. पण त्या दुपारी आई पाण्यात येऊन माझ्यासमोर बसली तेव्हा माझी मूठ उघडत नव्हती. ती एक एक बोट सोडवत होती आणि सोडवलेलं बोट परत मिटत होतं. शेवटी तिने प्रयत्न सोडला आणि आम्हा दोघांना तसंच, एकमेकांना बांधल्यासारखं, खोपीपर्यंत नेलं. टोबीच्या मानेला ओढ बसत होती. तो वाटभर तक्रार करत होता, पण मान काही सोडवून घेतली नाही.